सोयाबीन गेलं, अशा वर्षी आठवडाभर गाणं ऐकायला जाऊ का?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय सेहेचाळीस, माध्यमिक शाळेत नोकरी. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. घरात सासूबाई असतात, त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागतं. लहानपणी वडिलांसोबत रेडिओवर गाणं ऐकायची सवय लागली ती कायमची. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला एकदा तरी पाचही दिवस बसायचं, हे बऱ्याच वर्षांपासून मनात आहे. त्यासाठी पगारातून थोडे थोडे करून बारा हजार रुपये बाजूला ठेवलेत. यंदा पुण्याच्या मैत्रिणीनं राहायला बोलावलं आहे. पण यंदाच सप्टेंबरच्या पावसात माहेरच्या भावाचं सोयाबीन गेलं आणि दुकानाची उधारीही अडकली. यजमान म्हणतात, “सगळं मोबाईलवर दिसतंय की.” सासूबाई म्हणतात, “एकटी बाई आठ दिवस गाणं ऐकायला गेली म्हणल्यावर लोक काय म्हणतील?” त्या स्वतः लिहितात, “मला रागातलं फारसं कळत नाही. जाणकारांमध्ये बसायचा मला काय अधिकार? आणि अशा वर्षी हे सुचावंच कसं?”

ताई,

अशा वर्षी गाण्याची ओढ लागण्यात काहीही वावगं नाही. आधी एवढं मनातून काढून टाका, मग बाकीचं नीट बोलता येईल.

भाऊ, उधारी, सासूबाई, लोक आणि राग न कळणं, ही पाच कारणं तुम्ही एकाच रांगेत बसवली आहेत. त्यातली दोन मला खरोखर वजनाची वाटतात: भावाची अडचण आणि सासूबाईंचं इन्सुलिन. त्यांची सोय लावावीच लागेल. उधारी वसूल व्हायची तेव्हा होईल. तुम्ही घरी बसल्यानं ती लवकर येणार नाही. राहिली दोन. ती बाहेरून आली आहेत आणि तुम्ही ती फार लवकर आपली मानलीत, असं मला वाटतं.

“आठ दिवस गाणं ऐकायला” हे सासूबाईंना अचाट वाटतंय. पण आपल्याकडच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे आठवडाभराचं गाणंच की. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन आणि प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि त्यानंतर जागर. सात दिवस विणा खाली टेकवायचा नसतो, म्हणून पहारे लावलेले असतात. रात्री दोनच्या पहाऱ्याचा माणूस डोळे चोळत येतो, आधीच्याच्या पाया पडतो आणि विणा गळ्यात घालून तिथेच उभा राहतो. या सगळ्याला आपल्याकडे कुणी चैन म्हणत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही मराठवाड्यातले सप्ते थांबले नव्हते. कठीण वर्षी माणसं गाण्याजवळ जातात, हे या भागानं पिढ्यानपिढ्या पाहिलंय. सासूबाईंनी तर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

मग तुम्हाला टोचतंय काय? सप्ताह सगळ्या गावाचा असतो. तिथे तिकीट नसतं, पंगत असते आणि जाणं पुण्यकर्म मानलं जातं. सवाईला तुम्ही फक्त स्वतःसाठी, स्वतःच्या पैशानं, एकट्या जाणार आहात. घरातल्या कुणाचं काम नाही, लग्न नाही, दवाखाना नाही. सेहेचाळीस वर्षांत असं घराबाहेर पडणं किती वेळा झालं असेल? तुमच्या पत्रात असा एकही प्रसंग मला दिसला नाही. सासूबाईंच्या तोंडचं “लोक काय म्हणतील” हेही गाण्याबद्दलचं नाहीच. बाईनं स्वतःसाठी निघण्याबद्दलचं आहे. ते तसंच ओळखून त्याला उत्तर द्या. गाण्याची बाजू लढवत बसलात तर मूळ प्रश्न बाजूलाच राहील.

आता भाऊ. हे मात्र डोळ्याआड करू नका. मनातल्या मनात त्याच्याबद्दल अपराधी वाटून घेण्यापेक्षा एकदा त्याच्याकडे जाऊन या आणि सरळ विचारा: “रब्बीच्या पेरणीला काही कमी पडतंय का?” हरभऱ्याचं बियाणं आणि खत घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतील तर तुमच्या बारा हजारांची खरी किंमत तिथे आहे. मग पैसे द्या, यंदाचं पुणं दोन दिवसांवर आणा किंवा पुढच्या वर्षावर टाका, आणि त्याबद्दल स्वतःला हुतात्मा समजू नका. तो “माझं भागतंय” म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. शेतकरी भावाला बहिणीची मदत हवी असते. बहिणीनं आपल्यामुळे झुरत घरी बसावं असं त्याला वाटत नसतं. उलट पुण्याला निघालीस म्हणून तो ऐकवणारा असेल, तर ते तुम्हाला आजच माहीत असेल. तुमच्या पत्रावरून मला तो तसा वाटला नाही.

यजमानांचा मोबाईलचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण तो अगदीच खोटा नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांना भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, मल्लिकार्जुन मन्सूर हे रेडिओ, कॅसेट आणि आता मोबाईलमुळेच मिळाले. पण फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. तानपुऱ्याच्या खर्जाची तार वाजतेय हे आपल्याला अंदाजानंच कळतं. समोर बसलात की तोच खर्ज सगळ्या मांडवात भरून राहतो आणि गवयाचा षड्ज, म्हणजे सा, त्यात मिसळून दिसेनासा होतो. ते ऐकल्यावर गाणं कशावर उभं असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गाणं सुरू होण्याआधीचा वेळ बघा. तो रेकॉर्डिंगमध्ये कापलेला असतो. तानपुऱ्यावर बसलेली मुलगी घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर मागे-पुढे सरकवते. एका जागी तारेचा आवाज एकदम उघडतो आणि ती तिथेच थांबते. तबलजी हातोडीनं वादीखालचा गठ्ठा ठोकून सूर चढवतो, मग शाईवर बोट ठेवून पुन्हा तपासतो. गवई डोळे मिटून नुसता ऐकत असतो. हे चालू असताना गलका करणारे श्रोते पुष्कळ असतात. तुम्ही मात्र त्या वेळी ऐका. कान तिथेच लागतो.

“मला रागातलं कळत नाही” याला माझं उत्तर थोडं लांब आहे, कारण हे वाक्य मराठवाड्यातून येणाऱ्या पत्रांत मी फार वाचते, आणि ते वाचून मला वाईट वाटतं. देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणराजाच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटकी, दोन्ही संगीतं आजही त्या ग्रंथाला मानतात. म्हणजे दौलताबादच्या डोंगराच्या आसऱ्याला बसून लिहिलेलं शास्त्र साऱ्या देशानं घेतलं, आणि तिथून काही तासांवर राहणारी एक जाणती बाई विचारते की मला अधिकार काय! नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि तो ग्रंथ रागांनुसार लावलेला आहे. नांदेडच्या हुजूर साहिबला कधी शांतपणे कीर्तन ऐकलं असेल तर राग तुमच्या कानावरून गेलेत. नावं कुणी सांगितली नाहीत एवढंच. गायक पंडित नाथराव नेरळकरांनी मराठवाड्यातच राहून विद्यार्थी घडवले. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी संबळ-तुणतुण्यावर गोंधळ उभा केला की न कळणारा माणूस शोधून सापडत नसे.

नावं ओळखता येणं ही वेगळी गोष्ट आहे. ती हळूहळू येते आणि नाही आली तरी अडत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे सूर तेच आहेत. सूर ओळखणाऱ्यालाही तिथे चुकायला होतं. राग कुठल्या सुरावर थांबतो आणि कसा चालतो, यावरून तो वेगळा कळतो. त्यामुळे शेजारचा माणूस मान डोलावून रागाचं नाव सांगायला लागला तर सांगू द्या. तुम्ही एवढंच करा: बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, मनात धरून ठेवा. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, कधी कधी जवळजवळ मिनिटभराचं असतं. त्या मिनिटात गवई कुठे कुठे फिरून येतो आणि मुखडा पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा उतरतो, तेवढं बघा. कीर्तनात बुवा चालीवर परत आले की मागचे टाळकरी नेमके उचलतात आणि तुमचाही हात आपोआप पडतो ना? तो कान तुमच्याकडे आहे. तोच घेऊन जा.

पाचही दिवस, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बसायचा हट्ट मात्र सोडा. इथे मी तुमच्या विरोधात आहे. भीमसेनजींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव १९५३ साली सुरू केला, तेव्हापासून रात्र रात्र जागणाऱ्या श्रोत्यांच्या गोष्टी आपण ऐकत आलो, आणि खरा रसिक म्हणजे न उठणारा असं डोक्यात बसलं. आता रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, फक्त वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. त्यामुळे बैठका बहुधा दुपारीच सुरू होतात. सहा-सात तासांत चार-पाच कलाकार. इतकं गाणं रोज, पाच दिवस, नव्या माणसाच्या कानाला पेलत नाही. तिसऱ्या दिवशी सगळं सारखं वाटू लागतं आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. सप्त्यात तरी कोण सातही दिवस बसून असतं? बाया भाकरी करून काकड्याला येतात, दुपारी रानात जातात, रात्री कीर्तनाला पुन्हा हजर. तसंच करा.

माझ्या मते तीन दिवस पुरे. दिवसाची तिकिटं वेगळी मिळतात. कार्यक्रमपत्रिका आली की दोन असे कलाकार निवडा ज्यांना तुम्ही रेडिओवर ऐकलंय आणि एक असा ज्याचं नावही ऐकलेलं नाही. शेवटचा दिवस सोडू नका. समारोपाला सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, ती त्या गर्दीत बसून ऐकण्यात वेगळी गोष्ट आहे. जमलं तर बारापर्यंत चालणारी रात्रही घ्या, कारण दरबारी किंवा मालकंस त्यांच्या वेळेला ऐकायची संधी आता तशी कमीच. मधला एक दिवस कोरा ठेवा. मैत्रिणीशी बोला, झोपा, काहीच ऐकू नका. एखादं गाणं फार आत गेलं तर पुढच्या कलाकाराला न थांबता उठून आलात तरी चालेल; त्यात कुणाचा अपमान नाही. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त असतं, पण चाळिशीनंतरची पाठ आणि गुडघे यांचा विचार करून कडेला जागा धरा, म्हणजे उठून पाय मोकळे करता येतील. डिसेंबरातली पुण्याची रात्र गार असते. शाल आणि एक छोटी उशी जवळ असू द्या.

आणि यंदा नाहीच जमलं, तर गाणं फक्त पुण्यात राहतं असं धरून बसू नका. अंबाजोगाईला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह २५ ते २७ नोव्हेंबरला असतो, त्यात शास्त्रीय संगीताची बैठक होते. नांदेडला फेब्रुवारीच्या अखेरीस शंकर दरबार हा संगीत महोत्सव भरतो. छत्रपती संभाजीनगरात महागामी या नृत्यसंस्थेचा शार्ङ्गदेव समारोह आणि सोनेरी महालाजवळचा वेरूळ-अजिंठा महोत्सव आहेत. दुसऱ्यात काही वर्षं खंड पडतो, म्हणून आधी चौकशी करावी. पहाटेचे आणि सकाळचे राग, ललत किंवा तोडी, दुपारी सुरू होणाऱ्या महोत्सवांत ऐकायला मिळणं कठीण. ते दिवाळी पहाटेला जिल्ह्याच्या गावीही मिळतात. शिवाय खुलदाबादच्या उरुसातली कव्वाली, पैठणची नाथषष्ठी, लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेतली लावणी आहे. वर्षभरात यातले पाच-सहा प्रसंग गाठले तरी तुमचा आठवडा होतो, आणि प्रत्येक वेळी घर एक-दोन दिवसांपुरतंच सोडावं लागतं. पुण्याला पर्याय म्हणून हे सांगत नाहीये. पुण्याला जाऊन आलात तरी हे ऐकाच.

सासूबाईंच्या इन्सुलिनची सोय आजपासून लावा, निघायच्या आदल्या रात्री नको. यजमानांना आठवडाभर तुमच्यासमोर इंजेक्शन देऊ द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस, वेळ आणि जेवणाची वेळ एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणं भलतंच वाटलं तर साखर कमी झाली असू शकते. शुद्धीवर असतील तर लगेच साखर-पाणी द्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा, हे दुकानातल्या पोरालाही माहीत असू द्या. हे काम घरात एकाच माणसाला येणं तसंही धोक्याचंच आहे. उद्या तुम्हीच तापानं पडलात तर?

यजमानांशी बोलताना “जाऊ का?” असं विचारू नका. तारखा सांगा, पैसे कुठून आलेत ते सांगा, मागची काय सोय केलीय ते सांगा आणि मग त्यांची अडचण विचारा. दुकानाच्या चिंतेनं ते घेरलेले आहेत. “मोबाईलवर दिसतंय की” या वाक्याच्या मागे “मला एकट्याला टाकून जाऊ नकोस” असंही काही असू शकतं. तसं असेल तर शेवटच्या दिवसासाठी त्यांनाच बोलवा. नाही आले तरी बोलावलेलं लक्षात राहतं. सासूबाईंना मात्र पटवत बसू नका. परत आल्यावर काय ऐकलं ते त्यांना सांगा. सप्त्यात बसलेल्या बाईला हे कळेल.

एकटीनं जाण्यात अडचण नाही. नांदेड-पनवेल गाडी परभणी, लातूर, कुर्डुवाडीवरून पुण्याला जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. गेल्या काही वर्षांत महोत्सव मुकुंदनगरला, स्वारगेटच्या जवळ होतो. यंदाची जागा आणि वेळ नक्की करूनच मैत्रिणीला रात्रीच्या परतीबद्दल विचारा, तिचं घर लांब असेल तर ते आधीच ठरलेलं बरं. आणि रजेचा अर्ज लवकर टाका. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन असतं, मुख्याध्यापक सांस्कृतिक कार्यक्रम तुमच्याच गळ्यात घालणार. तारीख ठरायच्या आधी त्यांच्या टेबलावर अर्ज असला पाहिजे. कारणाच्या रकान्यात “घरगुती काम” लिहू नका. संगीत महोत्सवाला जायचंय, असंच लिहा.